सतरा इंची चाक

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी माझा भाचा आपली लाल स्विफ्ट घेऊन पुण्याहून बुलढाण्याला आला आणि अंगणात उतरताच म्हणाला, ‘‘मामा, आता हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं!’’ मी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. गाडी तीच होती. बदलली होती ती चाके. कंपनीची चौदा इंची साधी चाके जाऊन त्यांच्या जागी सतरा इंची, कोळ्याच्या जाळ्यासारख्या आऱ्यांची, चकचकीत अलॉयची चाके आली होती. त्यांची किंमत त्याने आपल्या आईलाही सांगितलेली नव्हती; तेव्हा ती मी येथे छापणे बरे नव्हे.

मी पडलो मराठीचा मास्तर. टायरवरचे आकडे म्हणजे मला शिलालेखच. पण भाच्याने ते वाचायला शिकवले, आणि खरे सांगतो, वृत्ताचे गण पाडण्याहून ते सोपे निघाले. जुन्या टायरवर लिहिले होते 165/80 आर 14. म्हणजे रुंदी 165 मिलिमीटर. रबरी भिंतीची उंची त्या रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 132 मिलिमीटर. आणि आतले चाक 14 इंची. नव्यावर होते 205/50 आर 17. रुंदी वाढली, चाक वाढले, पण भिंत मात्र खचून 102 वर आली. मी कागद घेऊन बेरीज मांडली. जुने चाक टायरसकट 620 मिलिमीटर उंच, नवे 637. तीन इंच मोठे म्हणून आणलेले चाक प्रत्यक्षात बोटभर मोठे झाले होते! मग बाकीचे इंच आले कुठून? ते हवेतून कापून घेतले होते. धातू वाढला तेवढी हवा घटली.

यात काही शास्त्र नाही असे मात्र नव्हे. भिंत बुटकी असली की वळणावर टायर कमी लचकतो आणि स्टिअरिंगचा हुकूम रस्त्यापर्यंत चटकन पोचतो. मोठ्या चाकाच्या पोटात ब्रेकची मोठी चकतीही मावते. फॉर्म्युला वनच्या शर्यतींतही 2022 साली 13 इंची चाके जाऊन 18 इंची आली. पण त्या शर्यतींच्या वाटेवर खड्डे नसतात! स्विफ्टच्याच महागड्या प्रकाराला कंपनीने 15 इंची चाक दिले, तेही असे बेतून, की टायर धरून उंची जवळजवळ तीच राहावी. कारण वेगाचा काटा चाकाचे फेरे मोजतो. काट्यावरच्या ज्या खुणेला भाच्याची गाडी पूर्वी ताशी 100 किलोमीटर जाई, तिथे ती आता 103 जात होती.

मला आजोबांच्या बैलगाडीची आठवण झाली. तिचे चाक खरोखरच मोठे, लहानपणी माझ्या डोक्यावरून जाई. पूर्णेकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाकोऱ्या पडत; लहान चाक त्यांत रुतून बसले असते, मोठे चाक वरून निघून जाई. हवेचा पत्ताच नव्हता. गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली लोखंडी धाव लाकडावर चढवायची, वर पाणी ओतायचे, की ती आवळून बसे. पुढे गावात टायरगाड्या आल्या. चाक लहान झाले, तरी बैलांना ओझे हलके वाटू लागले. बेलफास्टच्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने 1888 साली मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला, त्याची ही करामत. उंचीचे काम हवेने उचलले. आणि आता भाच्याने धड आजोबांची उंचीही घेतली नव्हती, धड डनलॉपची हवाही ठेवली नव्हती.

पण दिवाळीत हे कोण बोलणार?

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी आईला नागपूरला न्यायचे होते. एका डोळ्याने तिला दिसतच नाही. दुसऱ्यातल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख महत्प्रयासाने मिळाली होती. मलकापूरहून आगगाडी पकडायची. ‘‘एस.टी. कशाला? आजीला मी सोडतो,’’ भाचा म्हणाला. गाडीत आई, मी, दोन बॅगा आणि फराळाचे तीन डबे.

राजूर घाटाच्या वळणावर मागून खरखर ऐकू येऊ लागली. ‘‘अरे, काहीतरी जळतंय,’’ आई म्हणाली. ओझ्याने गाडी खाली बसली होती आणि रुंद टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासत होता. भाच्याने वेग कमी केला. घाट उतरलो, आणि मोताळ्याच्या अलीकडे पुढचे चाक एका खड्ड्यात गेले. एरवी नुसता दचका बसला असता. या वेळी पातेले आपटावे तसा ठण्ण आवाज झाला. चाकाची कड वाकली, टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आला आणि हवा निघून गेली.

पंक्चरवाला मिळेपर्यंत पाऊण तास गेला. त्याने बोटाने टायर दाबून पाहिला. ‘‘सर, याच्यात हवा हाये कुठी? खड्ड्यानं सरळ लोखंडच धरलं.’’ स्टेपनी होती जुनी, चौदा इंची. स्विफ्टमध्ये इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतो. तिथे एक लहान आणि एक मोठे चाक चालवणे बरे नाही. म्हणून मागचे चाक काढून पुढे, आणि स्टेपनी मागे. तेवढ्यात मी दोन एस.टी. गाड्यांना हात केला. दिवाळीनंतरची गर्दी, एकही थांबली नाही.

मलकापूरला पोचलो तो फलाट मोकळा. आईला बाकावर बसवले. तिने रुळांच्या दिशेने बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘‘गाडी गेली, की मलाच दिसत नाहीये?’’

भाचा पाठमोरा होऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी बोलायला म्हणून जमवलेली सगळी वाक्ये तशीच गिळून टाकली.

नवी तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. भाचा रजा काढून रेल्वेने आला, आजीला घेऊन नागपूरला गेला, पट्टी निघेपर्यंत तिथेच राहिला. गाडीला पुन्हा चौदा इंची चाके बसली आहेत. सतरा इंची चारही आमच्या पडवीत पडून आहेत. परवा आई त्यांच्यापाशी थांबली, वाकलेली कड निरखून पाहिली, उरलेली तीनही पाहिली आणि मला हळूच म्हणाली, ‘‘पण दिसायला छानच आहेत रे!’’

हे मी अजून भाच्याला कळवलेले नाही.