दाढीचा किट महागडा, तरी गालाची आग? धोकटीतल्या या चार वस्तू कुणी सांगतच नाही

जुन्या पद्धतीची दाढी पुन्हा फॅशनमध्ये आली आहे. स्टीलचा जड रेझर, लाकडी मुठीचा ब्रश, परदेशी साबणाची डबी असा सगळा सरंजाम मांडून केलेले रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. खाली कमेंटमध्ये वाद ठरलेला असतो, रेझर कुठला भारी आणि ब्लेड कुठलं भारी.

आता जरा संत सेना महाराजांचा हजामतीवरचा प्रसिद्ध अभंग आठवून बघा. सेना महाराज व्यवसायाने न्हावी. त्या अभंगात आरसा येतो, चिमटा येतो, डोक्यावर घोळायचं पाणी येतं, नखं काढणंही येतं. वस्तऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही! रूपकं अध्यात्माची आहेत हे खरं, पण ज्याच्या हातात रोज वस्तरा असायचा त्याला आधी आठवलं ते बाकीचं सामान.

दाढीचंही तसंच आहे. दाढी मऊ होणार की गाल सोलवटणार, हे बरंचसं पात्याबाहेरच्या वस्तूंवर ठरतं. या वस्तू स्वस्त आहेत, जुन्या आहेत आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात तर त्यांच्याशिवाय भागतच नाही. कसं ते पाहूया.

धोकटी म्हणजे काय?

न्हाव्याची अवजारं ठेवायच्या पिशवीला मराठीत धोकटी म्हणतात. तिच्यात वस्तरा, कात्री, फणी, आरसा, चिमटा, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा आणि तुरटीचा खडा असा ऐवज असायचा.

गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. कामाचा मोबदला रोजच्या रोज पैशांत नाही, तर सुगीला धान्याच्या रूपात मिळायचा. म्हणजे हातातला वस्तरा वर्षानुवर्षं टिकवणं भाग होतं आणि पाराखाली बसून दाढी करायची तर सोबत नेता येईल तेवढंच सामान. त्यामुळे धोकटीतली प्रत्येक वस्तू कामाचीच असायची.

पुढे चित्र बदललं. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी फेकून देता येणाऱ्या ब्लेडचा रेझर बाजारात आणला. 1903 साली, विक्रीच्या पहिल्या वर्षात, फक्त 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. 1904 मध्ये पेटंट मिळालं आणि मग हा रेझर जगभर पोचला. दाढी घरातल्या आरशासमोर आली, पण धोकटीतलं निम्मं ज्ञान मागेच राहिलं.

1. वाटीभर पाणी

पाराखालचा न्हावी अनेकदा साबण लावायचाच नाही. वाटीत बोटं बुडवायची आणि गाल नुसत्या पाण्याने बराच वेळ चोळत राहायचं. बघणाऱ्याला तो वेळकाढूपणा वाटायचा, पण त्यामागे शास्त्र आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. तो पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो, मग कापायला जोर कमी लागतो. त्यासाठी दोन-तीन मिनिटं लागतात. आपण मात्र चेहऱ्यावर एक हबका मारतो आणि लगेच क्रीम फासतो.

खरी अडचण पुढे आहे. धाराशिव जिल्हा दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांमधून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मिसळतात. कळंब असो, भूम असो वा परंडा, बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांना ‘जड पाणी’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. डाळ लवकर शिजत नाही, बादलीवर पांढरे डाग पडतात, हीटरच्या कॉइलवर थर चढतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येतो. असं पाणी दाढीच्या साबणाला लागलं की कॅल्शियम साबणाला पकडून बसतं आणि फेसाऐवजी चिकट साका तयार होतो. मग साबण कितीही महाग असो, फेस दोन मिनिटांत गालावर वाळतो आणि पातं कोरड्या कातडीवरून ओरखडत जातं. दोष मात्र ब्लेडला लागतो.

उपाय साधा आहे. दाढीच्या फेसाला फार तर वाटीभर पाणी लागतं. तेवढंच फिल्टरचं, साठवलेल्या पावसाचं किंवा उकळून, गाळ खाली बसू देऊन वरून ओतून घेतलेलं वापरा. उकळल्याने कठीणपणा पूर्ण जात नाही, पण काही क्षार गाळ होऊन खाली बसतात. ब्रश त्याच पाण्यात भिजवा. रेझर धुवायला बोअरचं पाणी चालतं.

2. गरम टॉवेल

सलूनमध्ये चेहऱ्यावर गरम टॉवेल ठेवतात तेव्हा छान वाटतं, पण त्याचं काम तेवढंच नाही. ओला टॉवेल पाणी आणि ऊब दोन्ही एकाच जागी धरून ठेवतो. म्हणजे गाल चोळण्याचं जे काम न्हावी बोटांनी करायचा, ते टॉवेल आपोआप करतो.

यासाठी वेगळा ‘शेव्हिंग टॉवेल’ मागवायची गरज नाही. शेजारच्या सोलापूरच्या टेरी टॉवेलला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. टेरी कापडावर सुताचे बारीक फासे असतात आणि त्यांच्यात पाणी साठून राहतं. टॉवेल कोमट-गरम पाण्यात बुडवून पिळायचा, आधी मनगटावर लावून बघायचा आणि मग दोन मिनिटं गालावर ठेवायचा. फक्त टॉवेल ज्याचा त्याचा हवा आणि वापरून झाला की उन्हात वाळलेला हवा.

3. चामड्याचा पट्टा

हौसेने उघडा वस्तरा विकत घेणारे वाढले आहेत. त्यातले बरेच जण पट्टा घ्यायचं विसरतात आणि आठवड्याभरात ‘वस्तरा बोथट निघाला’ म्हणून वैतागतात.

दगड आणि पट्टा यांचं काम वेगवेगळं आहे. दगड पोलाद घासून नवी धार काढतो. पट्टा पोलाद फारसं काढत नाही, तो वापरात वाकलेली बारीक धार पुन्हा सरळ करतो. म्हणून दगड कधीतरी लागतो, पण पट्टा प्रत्येक दाढीआधी लागतो. पट्ट्यावर वस्तरा नेहमी पाठीकडून ओढायचा. धार पुढे करून ढकलला की पट्टाही कापला जातो आणि धारही जाते.

एवढा मऊ केस पोलादाची धार घालवतोच कसा? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 साली ‘सायन्स’ नियतकालिकात याचं उत्तर दिलं. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असतो. पण कापताना तो वाकतो, पात्याला तिरका भिडतो आणि पोलादाची रचना जिथे एकसारखी नसते तिथून धारेचे सूक्ष्म टवके उडतात. असे टवके पट्ट्याने भरून येत नाहीत, तिथे दगडच लागतो.

जुन्या घरांमध्ये ब्लेड काचेच्या ग्लासात आतून घासून पुन्हा वापरायची युक्ती होती. ती साध्या पोलादी ब्लेडच्या काळातली. आजच्या स्टेनलेस ब्लेडच्या धारेवर बारीक लेप असतो, तो घासून काढण्यात फायदा नाही. ब्लेड बोथट झालं की बदला.

4. तुरटीचा खडा

तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. किराणा दुकानात काही रुपयांत मिळते. हीच गोष्ट घासून गुळगुळीत केली आणि डबीत घातली की ‘ॲलम ब्लॉक’ होते आणि किंमत कितीतरी पट वाढते.

तुरटीमुळे कातडीच्या वरच्या थरातली प्रथिनं आकसतात, बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं मिटतात आणि छोटा काप भरून धरला जातो. तिचे आणखी दोन उपयोग आहेत, जे क्वचितच कुणी सांगतं.

पहिला म्हणजे पकड. फेसामुळे बोटं घसरतात आणि कातडी नीट ताणता येत नाही. ओल्या खड्यावर बोटं फिरवून घ्या, गाल घट्ट धरता येतो.

दुसरा म्हणजे तपासणी. दाढीनंतर तुरटी जिथे झोंबते, तिथे तुम्ही रेझर जास्त दाबलेला असतो. रोज तीच जागा झोंबत असेल तर ब्लेड बदलण्याआधी हात बदला.

तुरटी लावून मिनिटभराने चेहरा धुवा आणि खडा कोरडा करून ठेवा. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, ते ब्लेडवर राहिलं तर गंज चढतो. आणि एक गैरसमज. तुरटी फिरवल्याने टँकरचं गढूळ पाणी निवळतं, पण त्याचा जडपणा जात नाही. उलट फेसाच्या पाण्यात तुरटी टाकली तर साबण आणखी फाटतो.

पण तुरटी हे जंतुनाशक नाही

‘तुरटी लावली ना, मग काही होत नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. इथे मात्र सावध व्हायला हवं.

हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही तो पात्यावर बसतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोकाही रक्त लागलेल्या पात्यातून असतो. तुरटी रक्त थांबवते, विषाणू मारत नाही. त्यात सलूनमधला एकच खडा दिवसभर अनेकांच्या ताज्या कापांवर फिरत असेल, तर तो खडाच धोक्याचा.

म्हणूनच आज बहुतेक सलूनमध्ये ब्लेडचा अर्धा तुकडा बसवायचा वस्तरा दिसतो. तो तुकडा प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा हवा.

जावळासाठी तुळजापूरला किंवा आपल्या कुलदैवताला जाणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. बाळाची कातडी नाजूक आणि गर्दीत घाई फार. ब्लेडचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, घरचा स्वच्छ टॉवेल न्या, बाळाचं डोकं पाण्याने नीट भिजू द्या. चुकून काप गेलाच तर सामायिक तुरटी लावू न देता स्वच्छ कापडाने दाबून धरा. ‘दादा, नवीन ब्लेड लावा’ असं म्हणण्यात कुणाचा अपमान नाही. कारागिराचीही सुरक्षा त्यातच आहे.

तर मग करायचं काय?

नवा रेझर कार्टमध्ये टाकण्याआधी आठवडाभर एवढं करून बघा. वाटीभर हलकं पाणी घ्या, दोन मिनिटं गरम टॉवेल ठेवा, फेस वाळू देऊ नका, हात हलका ठेवा आणि शेवटी स्वतःची तुरटी फिरवा. उघडा वस्तरा वापरत असाल तर आधी पट्टा.

आग थांबली, तर रेझरचे पैसे वाचले. नाहीच थांबली किंवा पुरळ येत राहिलं, तर कमेंटमध्ये विचारण्याऐवजी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.