साल भट्टीत जाण्याआधी

मध्य फिनलंडमधल्या ॲनेकोस्की गावात मेत्सा समूहाची लगद्याची गिरणी आहे. १२० कोटी युरो खर्चून उभारलेली ही गिरणी २०१७ साली सुरू झाली. वर्षाला १३ लाख टन लगदा करण्याची तिची क्षमता आहे आणि त्यासाठी सुमारे ६५ लाख घनमीटर लाकूड लागतं : पाईन, स्प्रूस आणि बर्च. लगद्याला साल चालत नाही. तिचे काळे ठिपके कागदावर उमटतात, रसायनंही जास्त खर्ची पडतात. म्हणून ओंडके आधी सोलायचे.

सोलायला पातं लागत नाही. किंचित उतारावर आडवं बसवलेलं अवाढव्य पोलादी पिंप संथपणे फिरत राहतं. आत ओंडके एकमेकांवर आपटतात, घासतात आणि सुटलेली साल पिंपाच्या फटींतून खालच्या पट्ट्यावर पडते. हिवाळ्यात लाकूड गोठलं की साल घट्ट धरून बसते. तेव्हा आधी ऊन पाण्याने ती सैल करावी लागते.

ओंडक्याचा दहावा हिस्सा साल धरला, तर अशा एका गिरणीत वर्षाला सहा लाख घनमीटरांहून जास्त साल निघते. ती बहुतेक सगळी जाळण्यासाठी जाते. ॲनेकोस्कीत सालीपासून वायू तयार करून त्यावर चुन्याची भट्टी चालवतात, त्यामुळे गिरणीला खनिज तेल लागत नाही. ही मोठीच गोष्ट आहे. पण जे जळतं आहे त्यात काय आहे, हे पाहिलं की जीव हळहळतो.

बर्चचंच घ्या. या झाडाची बाहेरची, कागदासारखे पापुद्रे सुटणारी साल पांढरी दिसते ती बेट्युलिन या पदार्थामुळे. योहान टोबियास लोविट्स या रसायनशास्त्रज्ञाने १७८८ मध्येच तो सालीतून वेगळा केला होता. पाणी आत शिरू न देणारी आणि सहसा न कुजणारी ही साल माणसाने फार पूर्वीच ओळखली. डेन्मार्कमधल्या लोलान बेटावर बर्चच्या सालीपासून केलेल्या डांबराचा एक चघळलेला तुकडा सापडला; तो सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीचा, आणि त्यातून चघळणाऱ्या मुलीचा संपूर्ण जनुकीय आराखडा मिळाला. आपल्याला तर ही साल परकी नाहीच. हिमालयातला भूर्ज हा याच कुळातला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेलं ऋग्वेदाचं हस्तलिखित जपलेलं आहे. संस्थेच्या ज्या ३० ऋग्वेद हस्तलिखितांची २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली, त्यांत तेही आहे.

बाहेरच्या सालीच्या कोरड्या वजनात साधारण चौथा ते तिसरा हिस्सा बेट्युलिन असतं. वर्षाला ४ लाख टन बर्च-लगदा करणाऱ्या गिरणीत अशी सुमारे २८ हजार टन साल निघते. चौथा हिस्सा धरला तरी ७ हजार टन बेट्युलिन. ते काढण्याची रीतही अवघड नाही. तुकडे केलेली साल पाण्यात टाकली की बाहेरची हलकी साल तरंगते आणि आतली तपकिरी साल बुडते. वरची गोळा करून वाळवायची, द्रावकात गरम करायची, अर्क थंड होऊ द्यायचा. तळाशी पांढरी भुकटी बसते.

या भुकटीचं मोल सर्वांत स्पष्ट दिसतं ते एका औषधात. एपिडर्मोलिसिस बुलोसा या जन्मजात आजारात त्वचा इतकी नाजूक असते की साध्या घर्षणानेही ती फाटते, फोड येतात. अशा रुग्णांच्या जखमांसाठी फिल्सुवेझ हे जेल निघालं : त्यात १० टक्के बर्चच्या सालीचा अर्क आणि बाकी सूर्यफुलाचं तेल. २२३ रुग्णांवरच्या चाचणीत ४५ दिवसांच्या आत ठरलेली जखम भरून आलेले रुग्ण ४१.३ टक्के होते, नुसतं तेलाचं जेल लावलेले २८.९ टक्के. फरक प्रचंड नाही, पण रोज पट्ट्या बदलताना कळवळणाऱ्या मुलाच्या घरी तो मोठाच आहे. युरोपने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली.

बेट्युलिन काढल्यावर सुबेरिन उरतं, म्हणजे बाटलीच्या बुचात असतो तोच जलरोधक पदार्थ. स्टॉकहोमची रेसेलो कंपनी बर्चच्या सालीपासून रबर बनवते आहे. फिनलंडमध्ये कोक्कोलाची इनोमोस्ट सौंदर्यप्रसाधनांसाठी सालीतले घटक वेगळे करते. स्प्रूसच्या सालीत टॅनिन असतं. गरम पाण्यात ते उतरतं आणि प्लायवूडच्या डिंकात खनिज तेलापासून मिळणाऱ्या फिनॉलची काही जागा घेऊ शकतं.

मग अडतं कुठे? साल ओली असते, निम्मं वजन पाण्याचंच. तिच्यात वाळू-माती मिसळलेली असते. उघड्यावर ढीग करून ठेवली की पावसाने टॅनिन वाहून जातं, काही घटक थोड्या आठवड्यांत नासतात. आणि भट्टीला यातलं काहीच अडत नाही. ती कसलीही साल घेते, रोज घेते. भुकटी विकायला मात्र गिऱ्हाईक शोधावं लागतं. गिरणीचा व्यवस्थापक भट्टीकडे वळला तर त्याला दोष देता येत नाही.

दोष आखणीचा आहे. अर्क काढून उरलेली सालही जळते, तेव्हा भट्टी आणि औषध यांत निवड करण्याची वेळच येत नाही; फक्त क्रम ठरवायचा आहे. बर्चची साल वेगळी घेणारा पट्टा, तरंगवण्याची टाकी आणि ताजी साल लगेच वापरण्याची सोय नव्या गिरणीच्या पहिल्याच आराखड्यात असली पाहिजे. अब्जावधी युरोंच्या गिरणीत हा खर्च किरकोळ आहे, आणि तो न करण्याला आता सबब उरलेली नाही.