भविष्यकाळाचा एक जुना वाचक

आपल्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मित्रांनी एकच अट घातली : लसीकरणाचे वेळापत्रक नको. अट रास्त आहे. या पानांवर आजवर मी गोवर, अतिसार आणि आईचे दूध यांखेरीज काही लिहिलेले नाही. म्हणून यंदा एक व्यसन उघड करतो. चाळीसहून अधिक वर्षे मी विज्ञानकथा वाचत आलो आहे. दवाखान्यातील टेबलाच्या खालच्या खणात औषधांचे नमुने असावेत, असा पालकांचा समज आहे. प्रत्यक्षात तिथे तीन-चार पुस्तके असतात.

प्रारंभ भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नने झाला. ती पुस्तके वाचल्यावर आम्ही तीन मित्र सायकली काढून कुंडी भंडाऱ्यावर गेलो आणि एकेका कुंडीत डोकावून खाली हाका मारत बसलो. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यात धरून केवळ उताराच्या बळावर शहरात आणणारी ही रचना मोगल काळातली. पृथ्वीच्या पोटात शिरण्यासाठी व्हर्नच्या नायकांना दूरचा ज्वालामुखी गाठावा लागला. आम्हां बऱ्हाणपूरकरांची सोय घराजवळच होती.

१९८२ साली, मी बारा वर्षांचा असताना, वडिलांनी भुसावळहून येताना डॉ. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह आणला. त्यातील 'कृष्णविवर' ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली होती. आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून नारळीकरांनी ती नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली होती. आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव. त्यांचे बालपण वाराणसीत गेले, हे मला पुढे कळले. महाराष्ट्राबाहेर वाढलेला माणूस मराठीत ताऱ्यांविषयी लिहू शकतो, ही गोष्ट निमाडातल्या मुलाला किती धीर देणारी होती, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित समजणार नाही.

इतर वाचकांचे केवळ वय वाढते. आमच्या पंथाच्या वाचकाला पुस्तकातल्या तारखाही मागे पडताना पाहाव्या लागतात. ऑर्वेलचे १९८४ उजाडले तेव्हा मी शाळेत होतो. आर्थर क्लार्कचे २००१ उजाडले तेव्हा येथे दवाखाना थाटून मला दोन वर्षे झाली होती. त्या चित्रपटात चंद्रावर वसाहत होती. आमच्याकडे संध्याकाळी वीज असेल की नाही, याचीच शाश्वती नव्हती. डिसेंबर १९७२ नंतर चंद्रावर कोणी माणूस उतरलेला नाही. तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. म्हणजे ज्या युगाची मी आयुष्यभर वाट पाहिली, ते मला बोलता येण्याच्या सुमारास संपलेही होते!

या छंदात एक खंडही पडला. १९९६ साली निवासी डॉक्टर असताना तिसाव्या आठवड्यात जन्मलेले, बाराशे ग्रॅम वजनाचे एक बाळ माझ्या रात्रपाळीत होते. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि ते कण्हत होते. तो आवाज ज्याने एकदा ऐकला, त्याला निदानासाठी क्ष-किरण चित्राची वाट पाहावी लागत नाही. अशा बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट पुरेसे नसते, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ सालीच दाखवून दिले होते. तरीही १९६३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांचा, केनेडींचा, नवजात मुलगा याच विकाराने सुमारे ३९ तासांत गेला. १९८० साली जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसापासून तयार केलेले सरफॅक्टंट श्वासनलिकेत सोडून दहा बाळांवरील परिणाम प्रसिद्ध केले. १९९६ साली औषध बाजारात होते. बाळाचा बाप पॉवरलूमवर कामाला होता. मी किंमत सांगितली, तेव्हा त्याने ती पुन्हा विचारली नाही. मान खाली घालून बाहेर जाऊन बसला. दुसऱ्या पहाटे बाळ गेले.

माझ्या ॲप्रनच्या खिशात त्या रात्री क्लार्कचे पुस्तक होते. आकाशगंगा ओलांडणाऱ्या त्या पुस्तकाचा मला राग आला. काही मिलिलिटर द्रव बाजारातून बाळापर्यंत पोहोचत नव्हता, आणि मी ताऱ्यांपर्यंत पोहोचण्याच्या गोष्टी वाचत होतो. पुढची तीन वर्षे मी एकही विज्ञानकथा वाचली नाही.

परतलो तो आयझॅक आसिमॉव्हमुळे. इंदूरला जुन्या पुस्तकांत त्यांची 'द अग्ली लिटल बॉय' ही कथा हाती लागली. शास्त्रज्ञ प्रागैतिहासिक काळातून एक निअँडरथल मूल वर्तमानात ओढून आणतात. त्यांच्या लेखी तो एक नमुना असतो. त्याला सांभाळायला नेमलेल्या परिचारिकेच्या लेखी तो प्रथम एक कुरूप प्राणी आणि मग हळूहळू एक मूल होतो. त्या कथेत मला माझा वॉर्ड दिसला. बालरोगशास्त्राची एवढी चांगली शिकवणी मला फार थोड्या पाठ्यपुस्तकांत मिळाली आहे.

आज तशा बाळाला आम्ही बबल सीपॅप लावतो. नाकपुड्यांत बसणाऱ्या नळ्यांतून प्राणवायूमिश्रित हवा द्यायची आणि बाहेर जाणाऱ्या नळीचे टोक पाण्यात पाच-सहा सेंटिमीटर बुडवायचे. नळी जितकी खोल, तितका दाब. फुप्फुसे मिटत नाहीत. सरफॅक्टंटही आता मागविता येते, आणि किंमत सांगताना पूर्वीइतकी जीभ अडखळत नाही. बाटलीतले बुडबुडे पाहताना मनात येते की, यात कादंबरीत शोभेल असे काहीच नाही. आम्ही रॉकेटची वाट पाहत राहिलो आणि भविष्यकाळ मागच्या दाराने, पाण्याच्या बाटलीतून आला.

तो माझ्या डोळ्यांतही शिरला आहे. गेल्या वर्षी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसविले. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे डोळा निमूट सहन करतो, या निरीक्षणातून हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये असे पहिले भिंग बसविले. म्हणजे आता मी किंचित यंत्रमानव आहे. पट्टी सुटल्यावर कपाटाशी गेलो, तर पुस्तकांची पाने मला वाटत होती त्याहून कितीतरी पिवळी पडली होती.

त्या कपाटाजवळ उसनवारीची एक वही टांगलेली असते. कुंडी भंडाऱ्याच्या दोन मित्रांची नावे तिच्यात वारंवार येतात. एक आता परदेशी असतो. दुसरा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याच्या नावावर एक पुस्तक आजही बाकी आहे. वहीतील शेवटची नोंद २००९ ची होती. माझ्या मुलीने इंग्रजीत वाचन केले आणि बंगळूरला ती खऱ्याखुऱ्या संगणकांत रमली. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले. बातमी वाचून फोन कोणाला करावा हे मला सुचेना, आणि त्या दिवशी प्रथमच मी म्हातारा झालो असे वाटले.

पुढे पावसाळ्यात एक सोळा वर्षांचा मुलगा टायफॉइडसाठी आला. मिशी फुटली तरी बालरोगतज्ज्ञाकडेच येणारे असे रुग्ण आपणा सर्वांकडे असतात. हातात अकरावीचे 'हॉर्नबिल' हे इंग्रजीचे पुस्तक होते. त्यात 'द ॲडव्हेंचर' हा धडा आहे. पानिपत मराठ्यांनी जिंकले असते तर, या कल्पनेवरची ती नारळीकरांचीच कथा. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. ती लढाई जिंकणारे सदाशिवरावभाऊच पुढल्या वर्षी पानिपतावर पडले. त्याला हे सांगितले आणि म्हटले, "अरे, ही गोष्ट मुळात मराठीत आहे. 'गंगाधरपंतांचे पानिपत'."

"काका, मराठी वाचता नाही येत मला. घरी बोलतो फक्त."

"हिंदी वाचतोस ना? अक्षरे तीच आहेत."

मी पुस्तक काढून दिले. तो मोठ्याने वाचू लागला. 'ळ' आला की थांबे, 'च' चा उच्चार हिंदीसारखा करी. एक पान झाल्यावर त्याने आईकडे पाहिले. बाहेर रुग्ण खोळंबले होते. तरीही मी त्याला दुसरे पान वाचू दिले.

तीन आठवड्यांनी ताप पूर्ण उतरल्यावर तो पुस्तक परत घेऊन आला. समासात पेन्सिलीने हिंदी अर्थ लिहिले होते. माझ्या पुस्तकांवर लिहिलेले मला खपत नाही, पण काही बोललो नाही. "दुसरे आहे का?" त्याने विचारले. मी 'वामन परत न आला' काढून दिले आणि वही उघडून २००९ च्या खालच्या ओळीत त्याचे नाव व तारीख लिहिली.