पानातली वाट, फळीतली वाट

आषाढात मालवणच्या किनाऱ्यावर होड्या झापांखाली निजलेल्या असतात. एका जुन्या होडीची तळाची फळी काढून टाकलेली दिसली. आंब्याची. वरून टाचणीने टोचल्यासारखी सात-आठ भोकं, बाकी धडधाकट. होडीवाल्या काकांनी तिच्यावर हातोडी मारली. आवाज पोकळ आला. मग कोयत्याने ती उभी चिरली, तर आत करंगळी जाईल एवढे बोगदे, चुन्याने लिंपल्यासारखे पांढरे.

"ह्यो किडो," काका म्हणाले. "होडी सुकी र्‍हवली की मरता."

म्हणायला किडा, पण हा तिसऱ्यांचा भाऊबंद. शास्त्रज्ञ त्याला टेरेडोच्या कुळात घालतात. तिसरी दोन शिंपांत अख्खी मावते. याच्या शिंपा कुळथाच्या दाण्याएवढ्या, डोक्याशी, कानशीसारख्या खरबरीत. त्यांनी लाकूड घासत तो पुढे सरकतो. भुसा पचवणारी द्रव्यं त्याच्या कल्ल्यांतले जिवाणू पुरवतात. शेपटाकडचं टोक मात्र जन्मभर पहिल्या भोकाशीच, कारण पाणी तिथूनच आत-बाहेर. होडी वर ओढली की दोन चिमुकली झाकणं लावून तो काही आठवडे तग धरतो. म्हणूनच चार दिवसांचं ऊन त्याला पुरत नाही. ब्रुनेल या अभियंत्याने याचंच खोदकाम पाहून 1818 साली बोगदा खणण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि 1843 मध्ये थेम्सखालचा बोगदा खुला झाला.

घरी आलो तर परसातल्या लिंबाच्या कोवळ्या पानावर तीच वाट, चंदेरी, नागमोडी. ही नागअळी. आरंभी दोऱ्याएवढी, पुढे रुंद; मधोमध विष्ठेची काळी रेघ. वाटेची रुंदी पाहून अळीचं वय कळतं, तसंच फळीतही. पण अळी पानाच्या पापुद्र्याखालचा रसच शोषते, आणि मुक्काम थोड्या दिवसांचा. शेवटी पानाची कड दुमडून कोष करते, नि जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीचा पांढुरका पतंग उडून जातो. टेरेडोला अशी सुटका नाही. लाकूड संपलं की तोही संपला.

मला नागअळी त्यामानाने सभ्य वाटते: पान वाकडं करते, पण चोरी उघड्यावर दाखवते. जुनी होडी घेणार असाल, तर भोकं मोजत बसू नका. हातोडी मारा आणि आवाज ऐका.