'उंबरठा' ओलांडल्यावर बाई जाते कुठे? सिनेमा संपतो तिथून सुरू होणारी गोष्ट

१९८२ साली आलेला 'उंबरठा' आजही मराठीतल्या सर्वोत्तम सिनेमांमध्ये गणला जातो. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकर यांची आणि मुख्य भूमिकेत स्मिता पाटील. पण हा सिनेमा ज्या कादंबरीवर बेतला, तिचं नाव अनेकांना माहीत नसतं. शांता निसळ यांच्या त्या कादंबरीचं नाव आहे 'बेघर'.

दोन्ही नावं शेजारी ठेवून पाहा. 'उंबरठा' म्हटलं की बाईने उचललेलं पाऊल दिसतं, धाडस दिसतं. 'बेघर' म्हटलं की त्या पावलानंतर काय झालं ते दिसतं. आपल्या सिनेमाला पहिली गोष्ट सांगायला आवडते. दुसरी मात्र तो क्वचितच सांगतो.

आणि ही दुसरी गोष्ट फक्त पडद्यावरची नाही. पनवेलसारख्या शहरात ती रोज घडू शकते.

सुलभाचं काय झालं होतं?

'उंबरठा'मधली सुलभा खात्यापित्या घरातली सून. नवरा वकील, सासू समाजकार्यात पुढे. सुलभा समाजकार्याचं शिक्षण घेते आणि लहान मुलीला घरी ठेवून दूरच्या गावातल्या महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरीला जाते.

तिथे तिला भेटतात त्या घरातून हाकललेल्या, फसवलेल्या, पळून आलेल्या बायका. आश्रम त्यांना छप्पर देतो, पण मान देत नाही. वरची समिती, गावातले पुढारी, पैशांचे गैरव्यवहार यांच्याशी सुलभा भांडते आणि शेवटी राजीनामा देऊन घरी परतते. घरी आल्यावर कळतं की नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. सुलभा पुन्हा बाहेर पडते.

म्हणजे आश्रमातल्या बायका आणि त्यांची अधीक्षक यांच्यात जे अंतर वाटत होतं, ते शेवटी उरतच नाही. शिकलेली, चांगल्या घरातली सुलभाही एका निर्णयानंतर बेघर होते, कारण ती ज्या घरात राहत होती ते तिचं नव्हतंच.

त्याच वर्षी महेश भट यांचा 'अर्थ' आला. त्यातल्या पूजाचं, म्हणजे शबाना आझमीचं, मोठं स्वप्न स्वतःच्या घराचं असतं. नवरा फ्लॅटची चावी हातात ठेवतो आणि नंतर समजतं की ते घर दुसऱ्या बाईच्या पैशातून आलं आहे. पूजा ते घर सोडते आणि नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहायला जाते. त्या काळच्या हिंदी सिनेमात 'घर सोडलेली नायिका रात्री झोपते कुठे' हे दाखवणारे सिनेमे मोजकेच होते.

पडद्यावरच्या बेघर बाईचे तीन साचे

पहिला साचा: शरीर. जयवंत दळवी यांच्या 'चक्र' कादंबरीवर १९८१ मध्ये त्याच नावाचा हिंदी सिनेमा आला. गावातून पळून मुंबईच्या झोपडपट्टीत आलेल्या बाईची ही गोष्ट. शेवटी झोपड्यांवर बुलडोझर फिरतो. या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण सिनेमाच्या पोस्टरवर आलं ते त्यांचं उघड्यावर अंघोळ करतानाचं दृश्य आणि त्यावरून वाद झाला. मोरी नसलेल्या बाईला उघड्यावर अंघोळ करावी लागते, ही सिनेमाने दाखवलेली वेदना होती. जाहिरातीने तीच वेदना तिकीट विकायला वापरली.

दुसरा साचा: देवी. २०१० मध्ये अनंत महादेवन यांचा 'मी सिंधुताई सपकाळ' आला. सिंधुताईंना गरोदरपणी नवऱ्याने घराबाहेर काढलं, त्या गोठ्यात बाळंत झाल्या. माहेरी आसरा मिळाला नाही. रेल्वेत गाणी म्हणून त्यांनी भीक मागितली, रात्री स्मशानात काढल्या. पुढे त्या अनाथांच्या माई झाल्या, पद्मश्री मिळाली. ४ जानेवारी २०२२ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचं काम मोठंच आहे. पण ही गोष्ट पाहून डोळे पुसताना एक प्रश्न राहून जातो. जी बाई हजार मुलांची आई होणार नाही, जिला फक्त रात्री दार लावून झोपायचं आहे, तिला आपण तेवढीच सहानुभूती देतो का?

तिसरा साचा: व्हायरल. २०१९ मध्ये पश्चिम बंगालच्या राणाघाट स्टेशनवर गाणाऱ्या रानू मंडल यांचा व्हिडिओ देशभर फिरला. हिमेश रेशमियाने त्यांच्याकडून सिनेमासाठी गाणं गाऊन घेतलं. काही आठवड्यांतच त्यांच्या मेकअपवरचे, बोलण्यावरचे मीम त्याच मोबाईलवर फिरू लागले. आता बेघर बाईचं चित्रण करायला दिग्दर्शक लागत नाही, रील पुरते.

या साच्यांना छेद देणारं एक दृश्य 'सैराट'मध्ये आहे. गावात बुलेट चालवणारी, कोणालाही न घाबरणारी आर्ची हैदराबादला पोहोचते तेव्हा तिची पहिली रात्र रेल्वे स्टेशनवर जाते. तिथे पुरुष त्यांना गाठतात आणि आर्चीवर प्रसंग ओढवतो. तिला वाचवते ती झोपडपट्टीतली एक बाई, सुमनअक्का. ती एक खोली देते आणि मग काम मिळतं, संसार उभा राहतो. नागराज मंजुळेंनी इथे एक साधी गोष्ट दाखवली आहे. घर सुटलेल्या मुलीला आधी सुरक्षित खोली लागते, मग बाकी सगळं.

मग यात पनवेल कुठे आलं?

सोशल मीडियावर 'पनवेल आणि सिनेमा' म्हटलं की सलमान खानचं फार्महाऊस आठवतं. पण पनवेलचा या विषयाशी खरा संबंध वेगळा आहे.

पनवेल म्हणजे हार्बर लोकलचं शेवटचं स्टेशन. कोकणातून येणाऱ्या अनेक गाड्या इथे थांबतात. एसटीचं मोठं स्टँड आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीपासून सुरू होतो. कोकणातून किंवा घाटावरून मुंबईकडे निघालेल्या माणसाच्या वाटेत पनवेल येतंच. घरातून निघालेल्या बाईच्याही.

दुसरा संबंध डान्स बारचा. मधुर भांडारकर यांच्या २००१ च्या 'चांदनी बार'मधली मुमताज, म्हणजे तब्बू, दंगलीत घरदार गमावून मुंबईत येते आणि बारमध्ये नाचू लागते. तिचं घर जाण्याचा आणि बारमध्ये येण्याचा थेट संबंध सिनेमाने दाखवला. २००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली. त्या काळात मुंबईबरोबर पनवेल परिसरातले बारही चर्चेत होते. चर्चा झाली ती नैतिकतेची. या बायकांची खोली, भाडं, मुलांच्या शाळा यांचं पुढे काय, हा प्रश्न मागे पडला.

१६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवणारा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. बंदीमुळे ७५ हजारांहून अधिक महिलांचा रोजगार गेला आणि अनेकींवर वेश्याव्यवसायाची वेळ आली, याची नोंद त्या निकालात आहे.

बेघर बायका मोजणीत का दिसत नाहीत?

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. रस्त्याकडेला, फूटपाथवर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा फलाटावर राहणाऱ्यांना बेघर धरलं गेलं. देशात अशी सुमारे १७.७ लाख माणसं सापडली, महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख.

आता या व्याख्येत सुलभा बसते का, ते पाहा. बहिणीकडे 'चार दिवस' म्हणून आलेली, मैत्रिणीच्या खोलीत राहणारी, आश्रमात ठेवलेली किंवा मार खाऊनही जायला जागा नाही म्हणून त्याच घरात राहणारी बाई या आकड्यात येत नाही. फुटपाथवर असलेली बाईही रात्री उजेडात झोपत नाही. ती आडोसा शोधते, कारण दिसणं तिच्यासाठी धोक्याचं असतं. म्हणून रस्त्यावर बायका कमी दिसतात, आणि 'कमी दिसतात म्हणजे प्रश्न छोटा आहे' असा समज होतो.

याचं मूळ मालकीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ४३ टक्के महिलांनी एकट्याच्या किंवा सामायिक नावावर घर वा जमीन असल्याचं सांगितलं. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींच्या नावावर काहीच नाही. महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेतून बायकोच्या नावावर जमीन करा, असं आवाहन शेतकऱ्यांना केलं होतं, ते याचसाठी.

कायदा काय म्हणतो?

सिनेमात नवरा 'चालती हो' म्हणतो आणि बाई बॅग उचलते. प्रत्यक्षात असं हाकलणं बेकायदा ठरू शकतं.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केलं की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं. कलम १९ नुसार न्यायालय नवऱ्याला तिला बाहेर काढण्यापासून रोखू शकतं किंवा तिच्यासाठी दुसऱ्या घराची सोय करायला सांगू शकतं.

मनोरुग्ण अवस्थेत भटकणाऱ्या बाईसाठी वेगळा कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिसांचं काम आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही.

हे काम किती लांबवर जाऊ शकतं, याचं उदाहरण पनवेलच्या शेजारीच, कर्जतला आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची 'श्रद्धा' संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर तिथे उपचार करते आणि त्यांना घरी पोहोचवते. या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पनवेलजवळचा 'सील आश्रम'ही रस्त्यावरच्या आजारी, निराधार माणसांना आणून सांभाळतो आणि घरच्यांचा शोध घेतो. ज्यांना आपण 'वेडी' म्हणून ओलांडून जातो, त्यांनाही नाव-गाव असतं. उपचार झाले की ते आठवूही शकतं.

अशी बाई दिसली तर काय करायचं?

- व्हिडिओ काढू नका. मारहाण करणारा नवरा किंवा दलाल तिला शोधत असेल, तर तुमची रील त्याला पत्ता देते.
- तातडीचा धोका असेल तर ११२, महिला हेल्पलाइनसाठी १८१ आणि रेल्वेच्या आवारात १३९ वर फोन करा.
- हिंसाचारातून बाहेर पडलेल्या महिलेला 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, पोलीस आणि कायद्याची मदत एका जागी मिळते, तात्पुरतं राहताही येतं. ही सोय साधारण पाच दिवसांची असते.
- घरातून काढलं असेल तर महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तिथे वकिलाशिवायही जाता येतं.
- तिला विचारल्याशिवाय घरच्यांना फोन लावू नका. ती कदाचित त्यांच्यापासूनच पळाली असेल.

पाच दिवसांनंतर?

खरी अडचण इथे आहे. पाच दिवसांत नोकरी मिळत नाही, डिपॉझिट जमत नाही, एकट्या बाईला खोली द्यायला मालक तयार होत नाहीत. मग अनेकजणी जिथून निघाल्या तिथेच परत जातात.

याच मधल्या काळासाठी शहरी बेघर निवारे आहेत. २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष सांगत होता की दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या कायमस्वरूपी निवाऱ्याची सोय हवी. महिलांसाठी स्वतंत्र निवाऱ्यांची तरतूदही त्यात होती.

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिच्या हद्दीत सुमारे ५ लाख लोक राहत होते. त्यानंतर खारघर, कळंबोली, तळोजात उभ्या राहिलेल्या इमारती यात धरलेल्याच नाहीत. जुन्या आकड्यानेही हिशेब होतो किमान ५०० जणांचा.

त्यातल्या किती जागा बायकांसाठी आहेत, त्या रात्री किती वाजेपर्यंत उघड्या असतात आणि लहान मुलाला सोबत घेता येतं का, हे तीन प्रश्न माहिती अधिकारात कोणीही विचारू शकतं. पनवेलमध्ये आणि तुमच्या शहरातही. अर्जाची फी १० रुपये आहे.