बीएच्या मुलांना एक्सेल कशाला?

तरसालीत मी संगणक शिकवते. वर्गात बीए, बीकॉम, बीएस्सी सगळे एकत्र. घरी मराठी, बाहेर गुजराती आणि स्क्रीनवर इंग्रजी, अशी आमची बडोद्याची खिचडी. हातात मोबाइल सगळ्यांच्या, म्हणून संगणक येतो असंही सगळ्यांना वाटतं.

परवा बीकॉमच्या एका मुलीने एक्सेलमध्ये खर्चाचा तक्ता केला. नीटनेटका. पण बेरीज? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून खाली टाइप केलेली! वरचा एक आकडा मी बदलला, बेरीज ढिम्म हलली नाही. मग तिने =SUM लिहिलं, आणि आकडा बदलताच बेरीजही बदलली. त्या दिवशी तिला सूत्र कळलं, पाठ करावं लागलं नाही.

बीएस्सीवाल्यांना मी वेगळी गोष्ट सांगते. एक्सेल ‘मार्च1’ या जनुकाच्या नावाची परस्पर तारीख करून टाकायचं. शेवटी 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. ‘मार्च1’चं ‘मार्चएफ1’ झालं. बीएच्या मुलांना हेडिंग स्टाइल दाखवते, कारण ती दिली की प्रबंधाची अनुक्रमणिका वर्ड स्वतः तयार करतं.

महाराष्ट्रात 2001 पासून एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आहे, इकडे मुलं तसाच 80 तासांचा सीसीसी करतात. प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला लागतं, घ्यावंच. पण एकच धडा सगळ्या शाखांना वाटणं मला पटत नाही. प्राध्यापकांनो, सरावासाठी मुलांना त्यांच्याच विषयाची माहिती द्या.