रुई का उपटायची नाही?

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या कुंपणालगत आपण श्रमदान केले, आठवते ना? तण समजून आपण टाकळा उपटला, रुई तोडली आणि तेथे झेंडू व रंगीत घाणेरीची विकतची रोपे लावली. फुले भरपूर आली. फुलपाखरे मात्र मध पिऊन निघून जात. चूक आपलीच होती.

मध फुलपाखराला अनेक फुलांचा चालतो. पण अळी ठरावीक झाडांचीच पाने खाते, म्हणून मादी नेमके तेच झाड शोधून अंडी घालते. 'बिबळ्या कडवा' हे नारिंगी फुलपाखरू रुईवर वाढते. रुईच्या चिकातले विष अळीच्या अंगात साठते आणि फुलपाखरातही उतरते. त्यामुळे पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. टाकळ्यावर छोट्या पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, लिंबू-कढीपत्त्यावर लिंबाळीच्या. मोठे काळे भुंगे रुईच्या फुलांचे परागीभवन करतात. घाणेरी मूळची अमेरिकेची. ती रानात पसरली की इथल्या झाडांना जागा उरत नाही.

यंदा कुंपणाचा एक कोपरा राखून ठेवू या. बेळगावच्या पावसात टाकळा आपोआप उगवेल. तेरड्याचे बी आपण टाकू. तेथे औषध फवारायचे नाही, कुरतडलेली पाने तोडायची नाहीत. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. पानावर इवलेसे अंडे दिसले, की वहीत तारीख लिहा. साधारण महिनाभरात पंख उघडताना दिसतील.